लिटल वेनबीचं सतरावं घर

१

लिटल वेनबीच्या वहीतलं चौथं पान गायब झाल्याचं हौसाबाई जगतापांना शुक्रवारी सकाळी कळलं, ते सुनेच्या तोंडून नव्हे, तोंडावरून. अस्मिता फोन कानाला लावून किचनमध्ये उभी होती आणि दूध उतू जात होतं. दूध उतू गेलं तरी जी बाई हलत नाही, तिच्या घरात काहीतरी मोठं घडलेलं असतं, एवढं कळायला हौसाबाईंना शाळेची चौथी पुरेशी होती. त्याच्या पुढं त्या शिकल्याही नव्हत्या.

"कोण मेलं?" त्यांनी गॅस बंद करत विचारलं.

"कुणी नाही, आई." अस्मितानं फोन ठेवला. "हेलन आजींच्या वहीतलं एक पान कुणीतरी काढून घेतलंय. आणि कमिटीला वाटतंय ते मी घेतलं."

हेलन टॅनर म्हणजे शेजारची एक्याऐंशी वर्षांची म्हातारी. तिचं मूळ गाव इंग्लंडातलं लिटल वेनबी. वीस घरं, एक चर्च, एक पिठाची चक्की आणि एक ओढा, बस. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी तिथली काही माणसं न्यू जर्सीत येऊन राहिली. त्यांच्या नातवंडा-पतवंडांचं इथं पार्सिपनीत एक मंडळ होतं. हेलनच्या आजोबांनी त्या गावाचा इतिहास हातानं लिहून ठेवला होता, एका घराला एक पान. ती वही उद्या शनिवारी बारा वाजता लायब्ररीच्या हॉलमध्ये समारंभानं मंडळाला द्यायची होती.

"म्हणजे आपल्या मराठी मंडळासारखंच," हौसाबाई म्हणाल्या. "फक्त भांडायला गणपती नाही. तुझा काय संबंध?"

"मी वही स्कॅन करून देते म्हटलं होतं ना. सोमवारी-मंगळवारी आपल्याकडेच होती."

"म्हणून तू चोर?"

"हेलन आजींना आता दिसत नाही. मी परत दिली तेव्हा पान होतं की नव्हतं, हे त्या सांगू शकत नाहीत. उद्या बारापर्यंत पान मिळालं नाही तर पोलिसांत कम्प्लेंट देणार म्हणतात. आई, आमची ग्रीन कार्डची फाइल आत्ता कुठे हललीय. त्यात माझ्या नावावर पोलिस कम्प्लेंट आली तर..."

मुलगा विनय ऑफिसच्या कामाला सांता क्लाराला गेलेला. घरात दोघीच. हौसाबाईंनी सुनेकडं बघितलं. भाजीत मीठ विसरते, रविवारी नऊपर्यंत झोपते, सासूला उलटून बोलत नाही पण ऐकतही नाही. ह्या पोरीत शंभर खोडी त्यांनी स्वतः मोजल्या होत्या. चोरी त्यात नव्हती. आणि त्यांच्या यादीत जे नाही, ते परक्यानं भरायचं नाही.

"चप्पल घाल," त्या म्हणाल्या. "वही कुठाय?"

२

वही हेलनच्या मांडीवर होती. मंडळाचे सेक्रेटरी मिस्टर कॉलिन फ्रॉस्ट तासाभरापूर्वी ती परत देऊन, दुःखी चेहरा करून गेले होते. हेलन चाचपडत वहीवरून हात फिरवत होती, आजारी मांजरावरून फिरवावा तसा.

दारात तिचा भाचा डेरेक उभा. तिशीचा, उंच, सारखा घड्याळाकडं बघणारा. मावशीनं घर विकून वृद्धाश्रमात जावं म्हणून तो वर्षभर मागं लागला होता. त्याच्याकडं घराची किल्ली होती.

"त्याला विचार, त्यानं वही कधी हातात घेतली," हौसाबाई अस्मिताला म्हणाल्या.

अस्मितानं विचारलं. डेरेक इंग्रजीत बराच वेळ बोलला.

"म्हणतो, मला ते वळणदार अक्षर वाचताच येत नाही. इथल्या शाळेत आम्हाला कुणी तसं जोडून लिहायला शिकवलंच नाही. आणि आई, त्यानं स्कॅन माझ्याकडून टाइप करून मागितलेही होते. खरं आहे ते, मीच टाइप करून दिले."

"बरं. म्हणजे हाही माझ्यासारखाच अंगठेबहाद्दर." हौसाबाईंना तो एकदम थोडा कमी वाईट वाटायला लागला. "आता सांग, त्या गेलेल्या पानात काय होतं?"

चौथं घर चर्चच्या कारभाऱ्याचं. लढाईच्या काळात त्यानं चर्चचे चांदीचे पेले विहिरीजवळ पुरले आणि जागा कुणाला न सांगता तो मेला, असं त्या पानावर होतं. म्हणून सगळ्यांची खात्री: पान चोरलं ते खजिन्याच्या लोभानं.

हौसाबाई उठल्या, बेसिनवर हात धुतले, पदराला कोरडे केले आणि हेलनसमोर हात पसरला. हेलननं न बोलता वही दिली. दोन वर्षांत दोघींत एक वाक्य धड झालं नव्हतं, पण लिंबाच्या लोणच्याच्या आणि सफरचंदाच्या जॅमच्या बाटल्या कुंपणावरून नेमानं ये-जा करत होत्या.

अक्षर काही कळणार नव्हतं. हौसाबाईंनी अक्षर बघितलंच नाही. त्यांनी वही बरोबर मधोमध उघडली. तिथं जाड, मेणवलेला दोरा होता. तीन भोकांतून गेलेला, घरी शिवलेला. बोटानं दाबला तर ढिला पडला होता. मग दोऱ्याच्या अलीकडची पानं त्यांनी मोजली. पलीकडची मोजली. पुन्हा मोजली.

"अस्मिता, किती पानं गेली म्हणतात?"

"एक."

"तू कुठपर्यंत स्कॅन केलंस?"

"निम्म्यापर्यंत, दोऱ्यापर्यंत. दहा पानं झाली. पुढची करणार होते, पण आजींना वही उशाशी लागते, म्हणून मंगळवारी संध्याकाळी परत दिली."

"अर्धवट काम. तरी बरं केलंस." हौसाबाईंनी वही मिटली. त्यांचा आवाज खाली आला. "अलीकडं नऊ आहेत. पलीकडंही नऊच. मग एकच पान कसं गेलं?"

३

संध्याकाळी प्रताप आला. मराठी मंडळाचा माजी अध्यक्ष, जुनी नाणी, जुने दिवे, जुनं काहीही जमवणारा. जुन्या वस्तूंच्या नादानंच तो वेनबीवाल्यांत घुसला होता. गुरुवारी वहीचे फोटो काढायचं काम त्याच्याकडं होतं. येताना केळ्याचे वेफर्स घेऊन आला होता. मयताला आल्यासारखा हळू बोलत होता.

"काकू, मला फार वाईट वाटलं. मी सगळ्यांना सांगितलं, यार, अस्मिता तसं करणार नाही."

"सगळ्यांना म्हणजे?"

"आपल्या ग्रुपवर. फक्त दीडशे लोक आहेत."

"वा! म्हणजे ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळवलंस." हौसाबाईंनी वेफर्स बाजूला सरकवले. "तू फोटो काढलेस ना? पानं उलटलीस?"

"छे! फ्रॉस्ट साहेब शेजारी उभे. म्हणाले, फक्त कव्हर. हातही लावू दिला नाही."

"खजिन्याची तुला लई हौस म्हणे."

प्रतापचा चेहरा खुलला. संशय आपल्यावर आहे हेही तो विसरला. "काकू, मी मेटल डिटेक्टर ऑर्डर केलाय! जूनमध्ये इंग्लंडला जातोय. हे बघा." त्यानं खिशातून प्लॅस्टिकमध्ये मढवलेला कागद काढला. चौथ्या पानाचा प्रिंट. विहिरीच्या शब्दाखाली लाल रेघ. "अस्मितानं मंगळवारी रात्री स्कॅन सगळ्यांना ई-मेल केले ना. मला, डेरेकला, फ्रॉस्टना. मी लगेच प्रिंट मारला."

"म्हणजे त्या पानावर जे होतं, ते तिघांच्याही खिशात होतं?"

"अर्थात!"

"मग खरं पान चोरून काय मिळणार होतं?"

प्रतापनं कागद खिशात घातला आणि उठला. अध्यक्ष असतानाही प्रश्न विचारला की तो असंच करायचा.

तो गेल्यावर अस्मिता कोचावर बसली. "पण आई, मग ते पान हवं होतं कुणाला?"

"कुणालाच नको होतं," हौसाबाई म्हणाल्या. "ते बिचारं फरफटत गेलं."

४

"तुम्ही शहरातल्या पोरींनी वह्या दुकानात घेतल्या," हौसाबाईंनी सुरुवात केली. समोर टेबलावर प्रिंटरचे तीन कोरे कागद होते. "आमच्या सासवडला मे महिना आला की मी चारी पोरांच्या जुन्या वह्या फोडायची. कोरी उरलेली पानं काढायची, एकात एक घालायची, मधोमध दुमडायची आणि दाभणानं शिवून टाकायची. रफ वही झाली तयार. विनय इंजिनिअर झाला तो त्याच वह्यांवर. हे बघ."

त्यांनी तीन कागद एकावर एक ठेवून दुमडले. "कागद तीन. पानं किती?"

"सहा."

"आता ह्यातलं दुसरं पान ओढ."

अस्मितानं ओढलं. हातात पान आलं आणि त्याच्याबरोबर मागून पाचवंही आलं. दोन्ही एकाच कागदाची.

"पुढून दुसरं तर मागून दुसरं. पुढून चौथं तर मागून चौथं. विनय होडी करायला पान फाडायचा आणि आठ दिवसांनी मागचं गृहपाठाचं पान निखळून पडायचं. त्याबद्दल मार खायचा. चोरानं ब्लेड लावलं असतं तर एकच पान गेलं असतं, पण कापल्याची कड राहिली असती. म्हणून त्यानं दोरा ढिला करून पान ओढलं. आला अख्खा कागद."

"म्हणजे चोराला मागचं पान हवं होतं," अस्मिता पुटपुटली. "जे मी स्कॅन केलं नव्हतं."

"आणि पुढचं गेलेलं तर लगेच दिसणार, कारण त्याचे फोटो सगळ्यांकडं. मग आपणच आधी बोंब मारायची. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. आता सांग, मागून चौथं घर कुणाचं?"

अस्मितानं मान हलवली. वहीच्या मागच्या भागात काय आहे, हे कुणालाच माहीत नव्हतं.

एका माणसाला होतं. शनिवारी सकाळी आठला दोघी हेलनच्या दारात उभ्या राहिल्या.

"तिला म्हण, आजोबांबरोबर गावातून चालायला लाग. पहिल्या घरापासून. मी बोटं मोजते."

हेलन हसली. लहानपणी आजोबा तिला झोपवताना तेच करायचे म्हणे: डोळे मीट, चर्चपासून चालायला लाग. तिनं आंधळे डोळे मिटले आणि चालायला लागली. पाद्र्याचं घर. लोहाराचं घर. दोन बहिणींचं घर, ज्यांनी एकमेकींशी तीस वर्षं अबोला धरला. कारभाऱ्याचं घर. ती नाव घेई, अस्मिता वहीत पान शोधी आणि मान डोलवी. दहाव्या घरापाशी ओढा आला. पलीकडं सुतार, दाई, शाळामास्तर. सोळावं घर झालं.

"मग चक्की," हेलन म्हणाली, आणि थांबली.

अस्मितानं पान उलटलं. सोळाव्यानंतर गवंड्याचं घर होतं. अठरावं. चक्की नव्हती.

"चक्कीत कोण राहायचं?" हौसाबाईंनी विचारलं.

"फ्रॉस्ट," हेलन हळूच म्हणाली. मग घाईघाईनं काहीतरी बोलत गेली. अस्मिता ऐकत होती आणि तिचा चेहरा बदलत होता.

"आई, त्या म्हणतात, आजोबा सांगायचे की दुष्काळाच्या वर्षी फ्रॉस्टनं पिठात चुना मिसळला. तीन पोरं दगावली. गावानं त्याला हाकलून दिलं, म्हणून ते लोक अमेरिकेत आले. पण आजी म्हणतात, मी चुकत असेन. कारण बुधवारी दुपारी मिस्टर फ्रॉस्ट इथं बसून सगळी वही त्यांना मोठ्यानं वाचून दाखवत होते. चक्कीच्या पानावर लिहिलं होतं, फ्रॉस्टनं दुष्काळात गावाला फुकट पीठ वाटलं. त्यांनी आजींचा हात धरून सांगितलं, हेलन, वय झालं की आठवणी एकमेकांत मिसळतात. तेव्हापासून त्यांना वाटतंय, आपलं डोकं जातंय. काल त्यांनी डेरेकच्या वृद्धाश्रमाला हो म्हटलं."

पान चोरणारा चोर हौसाबाईंना कळत होता. आंधळ्या बाईची आठवण चोरणारा कळत नव्हता.

"साडेअकराला हॉल उघडतो ना?" त्या उठल्या. "हेलनबाईला चांगला झगा घालायला सांग."

५

लायब्ररीच्या हॉलमागच्या छोट्या पँट्रीत मिस्टर फ्रॉस्ट कपांची रांग लावत होते. सत्तरीचे, सरळ पाठीचे, निळा टाय. भिंतीला टेकवून पितळी पाटी ठेवली होती. आज वहीबरोबर तिचंही अनावरण होतं. पाटीवर काय लिहिलंय ते अस्मितानं वाचून सांगितलं: गावाला दुष्काळात जगवणाऱ्या फ्रॉस्ट घराण्याच्या स्मरणार्थ.

"गोड आवाजात विचार," हौसाबाई म्हणाल्या. "बुधवारी वही सगळी वाचून दाखवलीत, फार उपकार झाले. वीसच्या वीस घरं वाचलीत ना?"

फ्रॉस्ट हसले. हो, प्रत्येक घर.

"चक्कीसुद्धा?"

अर्थातच. माझ्याच पूर्वजांचं घर.

"आणि काल सकाळी कमिटीसमोर पान न् पान उलटून तुम्हीच सांगितलंत, एकच पान गेलंय. चौथं."

दुर्दैवानं, हो. त्यांनी अस्मिताकडं दुःखानं बघितलं.

हौसाबाईंनी पिशवीतून वही काढून कपांच्या शेजारी ठेवली. "मग चक्की उघडून दाखवा."

अस्मितानं ते इंग्रजीत सांगितलं. फ्रॉस्टनी वहीला हात लावला नाही. मग ते बोलले, जरा जलद. अस्मिता भाषांतर करत गेली: ते पान कदाचित शंभर वर्षांपूर्वीच गळालं असेल.

"शंभर वर्षांपूर्वी गळालेलं पान तुम्ही ह्या बुधवारी वाचलंत?"

म्हणजे, आपली आठवण चुकत असेल.

"कुणाची? तुमची की हेलनबाईची?" हौसाबाई आता गोड बोलत नव्हत्या. "आणि सोमवारी माझ्या सुनेनं चौथ्या पानाचा फोटो काढला, तेव्हा ते दोऱ्यात घट्ट बसलंय, फोटोत दिसतंय. चौथं आणि सतरावं एकाच कागदाची दोन टोकं. एक होतं म्हणजे दुसरंही होतं. ते तुम्ही वाचलंत, खोटं वाचलंत, आणि ओढून काढलंत. प्रतापला खजिना हवा होता, तो त्याच्या खिशात होता. डेरेकला ते अक्षर वाचता येत नाही. सतराव्या घराचं भय ह्या हॉलमध्ये एकाच माणसाला. तुम्हाला."

अस्मितानं सगळं सांगितलं. एरवी ती सासूच्या तीन वाक्यांचं एक करायची. आज तिनं एकाचीही काटछाट केली नाही.

फ्रॉस्ट स्टुलावर बसले. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक पाकीट काढलं. आत पिवळा पडलेला कागद होता, मधोमध दुमडलेला, तीन भोकांचा.

"जाळणार होतो," ते म्हणाले. "तीन रात्री काडी हातात घेऊन बसलो. हेलनच्या आजोबांइतकं त्या गावाबद्दल कुणीच लिहिलेलं नाही. जमलं नाही."

मग त्यांनी अस्मिताकडं बघितलं आणि हळू आवाजात बराच वेळ बोलले. हौसाबाईंना एकही शब्द कळला नाही, पण सूर ओळखीचा होता. गावच्या पंचांनी प्रकरण मिटवायला धरलेला सूर.

"काय म्हणतो?"

"म्हणतात, पान आपण वहीत ठेवू. मी जाहीर करतो की सापडलं, कपाटामागं पडलं होतं. कम्प्लेंट नाही, काही नाही. तुमची ग्रीन कार्डची काळजीही मिटली. कुणाचंच नाव खराब होणार नाही."

"आणि तू?"

अस्मिता कपांकडं बघत होती. हॉलमधून खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते.

हौसाबाईंच्या जिभेवर उत्तर तयार होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ते गिळलं. नाव सुनेचं होतं.

"सापडलं म्हटलं," अस्मिता शेवटी मराठीत म्हणाली, स्वतःशीच बोलल्यासारखी, "तर दीडशे लोक म्हणतील, बघा, घाबरून परत ठेवलं तिनं." मग ती फ्रॉस्टकडं वळली आणि इंग्रजीत एकच शब्द बोलली. तो हौसाबाईंनाही कळला. नो.

६

हॉलमध्ये चाळीसएक माणसं होती. पहिल्या रांगेत हेलन, तिच्या शेजारी डेरेक, मागं प्रताप कॅमेरा घेऊन. फ्रॉस्ट माइकसमोर उभे राहिले. पाटीवरचा कपडा काढलाच नव्हता.

आधी त्यांनी पान वाचलं. आजोबांनी लिहिलं होतं तसं, चुन्यासकट, तिन्ही पोरांच्या नावांसकट. अस्मिता सासूच्या कानात सांगत होती. तिसरं नाव आलं तेव्हा हेलनची मान वर झाली. ती डेरेककडं वळून मोठ्यानं काहीतरी म्हणाली.

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, मी कुठंही जाणार नाही. मला सगळं आठवतं."

फ्रॉस्टनी चष्मा काढला. हे पान मी काढलं होतं, ते म्हणाले. ह्या आठवड्यात आपल्या मंडळाच्या एका स्वयंसेविकेवर अन्याय झाला, त्याबद्दल मी दिलगीर आहे.

टाळ्या वाजणार होत्या. काही हात उचललेही होते. तेवढ्यात मागच्या रांगेत अस्मिता उभी राहिली. जी मीटिंगमध्ये हात वर करायच्या आधी दहा वेळा विचार करते, ती.

"एका स्वयंसेविकेवर नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "शुक्रवारी सगळ्यांना माझं नाव माहीत होतं. आजही घ्या."

फ्रॉस्टनी माइक जवळ ओढला.

"अस्मिता जगताप," ते म्हणाले. "ह्यांनी काहीही चोरलं नाही. मी त्यांच्यावर ढकललं."

प्रताप फोनवर भराभर टाइप करायला लागला. हौसाबाईंनी त्याच्या खांद्यावर बोटानं टकटक केलं.

"दीडशेच्या दीडशे लोकांना," त्या म्हणाल्या. "आणि नाव नीट लिही."